पितराच्या पाटावर झुलाल

माझ्या बापाला ज्याने मारलं त्या माणसाविषयी मी लिहायला बसले आहे. शाळेतल्या बाया म्हणतात, पुष्पाबाई, लिहायचंच आहे तर वडिलांवर लिहा. वडिलांवर काय लिहू, कपाळ? ते गेले तेव्हा मी आईच्या पोटात होते. झुलालला मात्र मी पंचवीस वर्षं पाहिलं. त्याचा तिरस्कार केला, त्याला माझ्या हातांनी भाजलं, आणि त्याच्या मयतीला जी आठ-दहा माणसं जमली त्यांत मी होते. ज्याला ओळखतो त्याच्यावर लिहावं, असं मी पोरींना निबंधाच्या तासाला सांगते. मग मलाही तोच नियम.

गावाचं नाव सांगत नाही. भडगावपासून अडीच कोसांवर, गिरणेच्या काठी आहे, एवढं पुरे. त्या भांडणातल्या माणसांची नातवंडं अजून एकमेकांच्या बांधाला बांध लावून राहतात, त्यांना कशाला डिवचा.

आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खंडेरावाच्या नावाने बारा गाड्या ओढतात. बैल सोडलेल्या बारा गाड्या दोरखंडांनी एकामागे एक बांधायच्या, त्यांत गावची माणसं दाटीवाटीने बसवायची, आणि उपास धरलेल्या एका भगताने कमरेला आकडा लावून त्या ओढायच्या. त्याला सावरायला दोन्ही बाजूंना दोन माणसं असतात, त्यांना बगले म्हणतात. मारुतीपासून खंडेरावाच्या ओट्यापर्यंत उतार आहे, मागून ढकलायला शंभर हात असतात, हे सगळ्यांना ठाऊक असतं. तरी गाड्या हलल्या की अंगावर काटा येतो. माझ्या तर आजही येतो. जुनी माणसं म्हणायची, ओढणारा देव, भगताने फक्त आपली कमर द्यायची.

झुलालला हे मान्य नव्हतं. तो पाच वर्षं भगत होता आणि पाचही वर्षं गाड्या आपणच ओढल्या असं त्याचं ठाम मत होतं. अंगाने रेड्यासारखा, हरभऱ्याचं पोतं दातांत धरून उचलणारा, आणि नाकावर माशी बसू न देणारा. त्याचा उजवा बगल्या म्हणजे माझे वडील गिरधर. दोघं एका आळीत वाढलेले, एका ताटात जेवलेले. वडिलांना थट्टेची खोड होती. आई म्हणायची, त्या माणसाला देवळातसुद्धा गप्प बसवत नसे.

एकोणीसशे चौदा सालच्या आखाजीला गाड्या ओढून झाल्या, भंडारा उधळून झाला, माणसं गाड्यांतून उतरली. झुलाल लिंबाखाली धापा टाकत उभा होता आणि जो येईल त्याला दंड दाखवत होता. माझे वडील सगळ्यांसमोर म्हणाले, "बारा गाड्या तू वढ्यात? मांगेथून शंभर जण ढकलत व्हतात रे बाबा, तू फक्त पुढे पळना!"

माणसं हसली. बायाही हसल्या, आणि तेच वाईट झालं. झुलालने शेजारच्या गाडीच्या जुवातली शिवळ उपसली, बैलाची मान अडकवायची ती लाकडी खुंटी, आणि वडिलांच्या कानशिलावर हाणली. वडील खाली बसले. झुलालने आणखी दोनदा हाणली. पहिला घाव रागाचा होता असं आपण म्हणू. पुढचे दोन कशाचे होते ते त्याचं त्यालाच ठाऊक. आई आरतीचं ताट घेऊन पन्नास पावलांवर उभी होती. तिच्या पायाशी ताट पडलं, कुंकू मातीत गेलं, आणि एकोणिसाव्या वर्षी ती विधवा झाली. वडिलांच्या चेहऱ्यावर हसू तसंच राहिलं होतं असं गावात सांगतात. मला ते पटत नाही. कवटी फुटलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर हसू राहत नाही.

कोर्टाने दहा वर्षं सक्तमजुरी दिली. खून नव्हे, रागाच्या भरात झालेला मनुष्यवध, असं साहेबाने लिहिलं. तुरुंगात झुलालने दगड फोडले, आणि एका कैद्याने त्याला "दोस्तमाऱ्या" म्हटलं म्हणून त्याचा कान दातांनी तोडला. सुंभ जळतो, पीळ कुठे जळतो? त्याबद्दल त्याला टिकटीला बांधून तीस फटके मारले. आता गंमत अशी की वडील रोज त्याच्या स्वप्नात येत आणि लिंबाखाली उभे राहून हसत. फटके खाल्ल्यावर दोन दिवस ते आले नाहीत. दोन दिवस तो माणूस निजला. इथेच त्याच्या डोक्याने गाठ बांधली: मार खाल्ला की सुटका होते.

शिक्षेत सूट मिळून तो आठ वर्षांनी सुटून आला तो नेमका आखाजीच्या दिवशी. आमच्या घरी वडिलांच्या नावाची घागर भरणं चाललं होतं. त्या दिवशी आम्ही पितरांची घागर भरतो, आणि गेलेल्या माणसाच्या जागी कुणाला तरी पितर म्हणून बोलावतो. त्याचे पाय धुवायचे, पाटावर बसवायचं, पुरणाचे मांडे आणि आमरस पोटभर वाढायचा. तो जेवला म्हणजे आपलं माणूस जेवलं. तोवर घरातलं कुणी घास तोंडात घालत नाही.

झुलाल अंगणात उभा राहिला. सदरा काढला, आमच्या दाराकडे पाठ केली आणि माझ्या काकाला म्हणाला, "लीलाधर, मार. बारा गाड्यास्ना खुन शे, बारा साल माले मार. मंग मी मोकळा."

काकाला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. गोठ्यातून त्याने आसूड आणला आणि भावाचं नाव घेत हात दुखेपर्यंत मारलं. झुलाल हूं की चूं न करता उभा राहिला. पाठीचं कातडं सुटलं तेव्हा मान हलवली, जणू सोनाराने माप बरोबर दिलं. मग सदरा खांद्यावर टाकून, रक्त ठिबकवत नदीकडे निघून गेला.

अशी आठ वर्षं गेली. त्याने गिरणेच्या वाळूत डांगराची, म्हणजे खरबुजांची, वाडी केली आणि तिथे झोपडीत एकटा राहू लागला. सोमवार धरले, सप्तशृंगीचा डोंगर गुडघ्यांवर चढला, अनवाणी नर्मदेपर्यंत जाऊन आला. प्रत्येक वेळी चार-दोन दिवस बरे जायचे आणि मग माझे वडील पुन्हा लिंबाखाली हसायला यायचे. एवढं सगळं करून तो आखाजीची वाट पाहायचा, माहेरवाशिणीने पाहावी तशी.

आणि गाव? गावाला तर पर्वणीच. बारा गाड्या झाल्या की माणसं आमच्या दाराशी धावत. शेजारच्या खेड्यांतून बैलगाड्या येऊ लागल्या. भिकुबाई दाळ्या-मुरमुऱ्यांचं टोपलं आमच्याच ओट्याला लावून बसू लागली. लीलाधरकाका वर्षभर गरीब गाय, पण होळी झाली की आसुडाला तेल पाजायला लागायचा. गावात त्याला मान मिळाला होता आणि तो त्या आसुडामुळे होता. एके वर्षी त्याला ताप भरला, तरी तो खाटेवरून उठून मारायला आला. मीही ओसरीवरून बघायची. खोटं कशाला बोलू, मला आवडायचं. आसूड पडला की माझ्या पोटात थंड वाटायचं.

आई मात्र एकदाही बाहेर आली नाही. ती चुलीपाशी खापरावर मांडे टाकत राही. वर्षभर तिचा एक मांडा करपत नसे. त्या दिवशी एकामागून एक करपत.

आठव्या आखाजीला काकाने झुलालला खाली पडल्यावरही सोडलं नाही. बरगड्या मोडल्याचा आवाज मी ऐकला. मेला असं समजून दोघा-तिघांनी त्याला ओढत नेऊन भडगावच्या रस्त्याकडेला टाकून दिला. तिथून मानसिंग मास्तर गाडीतून चालला होता.

हा मानसिंग सातपुड्याच्या पायथ्याचा, चोपड्याकडचा पावरा आदिवासी. काळा, किडकिडीत, खोकला कायमचा. मिशनात शिकून ख्रिस्ती झालेला आणि पाचोऱ्याबाहेर एका कौलारू खोपटात प्रार्थना आणि चार पोरांची शाळा चालवणारा. त्याने झुलालला गाडीत घातलं आणि आपल्याच खाटेवर आणून टाकलं. पुढचं सगळं मला मास्तरानेच सांगितलं, हसत हसत.

शुद्धीवर आल्यावर झुलालने पहिलं काय विचारलं असेल? "किती व्हयनात?" म्हणजे फटके. मास्तराने सगळी हकिगत ऐकून घेतली आणि म्हणाला, "भाऊ, तुझ्या वाटणीचा मार येशूने कधीच खाल्ला. त्याच्याही पाठीवर आसूड पडले, हातापायांत खिळे ठोकले. तुझं काही बाकी नाही."

"मी सांगं व्हतं का त्याले?"

"नाही. तू सांगण्याआधीच."

"मंग मी आठ साल मार खादा, तो कसाले?"

"कशालाच नाही," मास्तर म्हणाला.

बरगड्या मोडलेल्या त्या माणसाने डावा हात फिरवला आणि मास्तराचे पुढचे दोन दात पाडले. मला त्यात काही नवल वाटत नाही. आठ वर्षं पाठ सोलून घेतलेल्या माणसाला तुम्ही सांगता की हे सगळं मातीत गेलं, मग तो काय तुमची आरती ओवाळणार? मास्तराने रक्त थुंकलं, दात कोनाड्यात ठेवले, आणि त्याच्या पट्ट्या बदलल्या. संध्याकाळी भाताची पेज चमच्याने त्याच्या तोंडात घातली.

तीन महिने तसे गेले. झुलालला उठता येत नव्हतं, कूस बदलता येत नव्हती. ज्याचे दात पाडले तोच त्याचं गू-मूत काढत होता. ह्याच्याइतकी मोठी शिक्षा त्याला तुरुंगात मिळाली नव्हती. एका सकाळी त्याने विचारलं, "मी काय करू, मास्तर?"

"काही नाही. विश्वास ठेव."

"मंग तेबी करनंच व्हयनं ना?"

मास्तर बराच वेळ खोकला. मग म्हणाला, "तू ह्या खाटेवर पडलायस. खाट तुला धरून आहे. पडून राहायला तुला काय करावं लागतं?"

 दोन दिवसांनी मास्तर पाणी घेऊन आला तर झुलाल भिंतीकडे तोंड करून हमसाहमशी रडत होता. दिवाळीनंतर गिरणेच्या पाण्यात त्याचा बाप्तिस्मा झाला. गावाला बातमी कळली तेव्हा सगळे म्हणाले, बाटला तर बाटला, आखाजीला येतो की नाही ते बघू.

तीस साली आखाजीला तो आला. मास्तर बरोबर होता. मी तेव्हा सोळाव्या वर्षात होते. अंगण माणसांनी भरलेलं, भिकुबाईचं टोपलं जागेवर, आणि ओसरीत पाट मांडून पितर म्हणून बोलावलेले शेजारचे कौतिकनाना येऊन बसलेले. काका आसूड घेऊन पुढे झाला.

"सदरा काढ."

"नही," झुलाल म्हणाला.

"काबर?"

"मना वाटाना मार दुसरानी खाई लिधा. आज मी माफी मांगाले येल शे. तुमी दी तर दी, नही दी तर नही. पण पाठ देवाव नही."

 मग जो गलका उठला तो माझ्या कानांत अजून आहे. आठ वर्षं मार खाणाऱ्याची गावाला दया येऊ लागली होती. त्याने मार नाकारल्यावर तो पुन्हा खुनी झाला. "मस्ती उनी का?" "धरा त्याले!" कुणीतरी पहिला दगड मारला. काकाने आसूड फेकून बैलांची पराणी उचलली, आणि टोकाला लोखंडी आर असलेली ती काठी झुलालच्या खांद्यात घुसवली. तो पडला. चार-पाच जण लाथा घालू लागले. झुलालच्या अंगात अजूनही एवढी ताकद होती की त्याने एकाचा पाय धरून पिरगाळला असता तर मोडला असता. त्याने हात डोक्याखाली घेतले आणि पडून राहिला.

तेव्हा मानसिंग मास्तर त्याच्यावर आडवा पडला. तो किडकिडीत माणूस, त्याने झाकून किती झाकणार? पण पडला. पराणी वरून आली ती त्याच्या डोळ्यात गेली.

झुलाल खालून ओरडला. नऊ वर्षांत आम्ही त्याला ओरडताना ऐकलं नव्हतं, ते आता ऐकलं. "त्याले सोडा रे! माले मारा, माले मारा! त्यानी काय करं?"

"गप पडून राहा," मास्तर म्हणाला. त्याच्या गालावरून रक्त आणि पाणी एकत्र वाहत होतं. "आज तुला काही करायचं नाही."

काकाच्या हातातली पराणी गळाली. ज्याचा काही संबंध नाही अशा माणसाचा डोळा आपण फोडला हे त्याच्या ध्यानात आलं असावं. जमाव पांगू लागला. कौतिकनाना तर रक्त पाहून केव्हाच मागच्या दाराने पसार झाले होते. आणि तेव्हा आई बाहेर आली. हात पिठाने भरलेले, डोक्यावरचा पदर चुलीच्या धुराने काळा.

"आठ साल मना दारसे तमाशा करा तुमीन," ती काकाला म्हणाली. आवाज चढला नव्हता. "धनी मना गया. माले एकदा तरी कोणी इचारं का?"

 आईने पाट पाहिला. पाट रिकामा होता. ऊन डोक्यावर आलं होतं, पितर जेवल्याशिवाय घर जेवणार नव्हतं, आणि गावातलं दुसरं कुणी त्या दिवशी आमच्या ओसरीत पाय ठेवायला धजावलं नसतं. तिने तांब्या उचलला आणि झुलालपाशी जाऊन उभी राहिली. तिला काय वाटत होतं ते तिने पुढे कधी सांगितलं नाही, आणि मी दहादा विचारलं आहे.

"ऊठ. पाय धोय. पाटवर बस."

झुलालने तिच्याकडे पाहिलं आणि त्याचं तोंड पांढरं पडलं. त्या पाटावर वडिलांच्या नावाने बसायचं होतं. ज्याला आपण मारलं त्याच्या जागी बसून त्याच्या वाटणीचं जेवायचं होतं. "वहिनी, नही. हाई नको. तू माले मार. मुसळ ली ये, मार, पण हाई नको." पराणीपुढे न हललेला माणूस पुरणाच्या मांड्याला भिऊन मागे सरकत होता.

"बस म्हणस ना," आई म्हणाली.

मास्तर एका हाताने डोळा दाबून भिंतीला टेकला होता. ख्रिस्ती माणसाने मेलेल्याच्या नावाचं जेवण जेवायचं नाही, असा त्यांच्यात नियम आहे. तरी त्याने झुलालला अडवलं नाही. झुलाल सरपटत आला, पाय धुतले, आणि पाटाच्या कडेला कसाबसा टेकला. आईने ताट मांडलं.

"पुष्पा, वाढ."

आता माझ्याबद्दल सांगते. माझ्या हातात रशीचं पातेलं होतं. पुरणाच्या डाळीचं तिखट पाणी, चुलीवरून नुकतंच उतरवलेलं, उकळी अजून बसली नव्हती. माझ्या बापाच्या पाटावर तो बसला होता. सोळा वर्षं मी त्या पाटाला नमस्कार केला होता, बाप म्हणून माझ्याकडे तेवढाच होता. मी त्याच्या मागे गेले आणि ते पातेलं त्याच्या उजव्या खांद्यावर, पराणीच्या जखमेवर, ओतलं. सगळं ओतलं. शेवटची डाळ निघावी म्हणून पातेलं झटकलंसुद्धा.

त्याची किंकाळी गिरणेपलीकडे ऐकू गेली असेल. कातडी माझ्या डोळ्यांदेखत पांढरी होऊन फुगली. आईने मला अशी थोबाडीत दिली की मी उखळावर जाऊन आपटले. ती पुन्हा हात उगारून आली तेव्हा पाटावरून आवाज आला, "वहिनी, तिले मारू नको. काही नही. माफ शे तिले."

आणि तो जेवला. डाव्या हाताने, रडत, मांडा आमरसात बुडवून त्याने एक घास खाल्ला, मग दुसरा. आई वाढत राहिली. त्याने ताट पुसून स्वच्छ केलं. मी उखळापाशी पडून हे सगळं पाहिलं आणि माझ्या दातांखाली रक्ताची चव होती.

मास्तराने पोलिसांत एक अक्षर सांगितलं नाही. डोळा मात्र गेला. मिशनच्या साहेबाने झुलालला पितराचं जेवल्याबद्दल सहा महिने चर्चमधल्या प्रभुभोजनाच्या विधीपासून लांब ठेवलं. झुलाल म्हणाला, ठेवा. काकाने पुन्हा आसूड धरला नाही, आणि पुन्हा कुणाशी धड बोललाही नाही. दोन पावसाळ्यांनी तो तापाने गेला. आई हिंदू होती, हिंदूच राहिली. त्या दिवसानंतर तिचा मांडा आखाजीला करपला नाही, एवढं मी बघितलं आहे.

झुलालचा उजवा हात कामातून गेला. भाजलेली कातडी काखेत आखडली आणि हात खांद्याइतका वर उचलेना. नांगर गेला, डांगराची वाडी गेली. तो मास्तराच्या खोपटाशेजारी राहायला आला, आणि मास्तर खोकल्याने गेल्यावर तिथेच एकटा राहिला. मी धुळ्याला ट्रेनिंग केलं आणि पाचोऱ्यात मास्तरीण झाले. नशिबाने म्हणा, शाळेपासून त्याचं खोपटं दहा मिनिटांवर.

पहिल्या रविवारी गेले तेव्हा त्याने मला ओळखलं आणि "ये, बेटा" म्हणाला. मी भाकरी आणि लसणाची चटणी ठेवली आणि पळाले. मग दर रविवारी जाऊ लागले. भाकरी नेई, पाणी भरी, त्याचे कपडे धुई, केस कापी. चौदा वर्षांत मोजून तीन रविवार चुकले असतील, तेही आई आजारी होती म्हणून. त्या उसळत्या रशीचा वास मला शाळेतसुद्धा यायचा. रविवारी तिथून परतले की दोन दिवस यायचा नाही. तो माझी वाट बघत बाहेर बसलेला असे. भाकरीचा तुकडा मोडून आधी माझ्यापुढे करी, मग आपण खाई, आणि येशूच्या आणि माझ्या वडिलांच्या गोष्टी सांगे. वडील कसे हसवायचे, ते मला कळलं ते त्याच्याकडून. दुसरं कुणी सांगितलंच नव्हतं.

शेहेचाळीस सालच्या उन्हाळ्यात तो खाटेला लागला. पाय सुजले, दम लागू लागला. डॉक्टर म्हणाले, थोडे दिवस. त्या रविवारी त्याला भाकरी दुधात कुस्करून भरवताना माझा धीर सुटला.

"झुलालबाबा, आता तरी सांग. माझं फिटलं का रे?"

"काय फिटनं?"

"त्या रशीचं. मी चौदा वर्षं येते आहे. भाकरी आणते, धुणं धुते. आता तरी झालं का पुरतं?"

 मग त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी फक्त ऐकलं होतं, कधी पाहिलं नव्हतं. लिंबाखालचा तो झुलाल त्या खाटेवर उठून बसला. चांगल्या हाताने त्याने वाटी हिसकावली आणि भिंतीवर अशी फेकली की पोपडा उडाला आणि दूध माझ्या तोंडावर आलं.

"तू त्यानासाठे येत व्हतीस?" तो ओरडला. "चौदा साल? माले वाटनं, तू मनाकरता येस!"

मी दचकून मागे सरले. आयुष्यात मला कुणी इतक्या जोराने मारलं नव्हतं, आईनेही नाही. त्याला धाप लागली, ओठ निळे पडले, तरी तो थांबेना. "त्या दिवशीच माफ करं व्हतं ना तुले! पाटवर! तठेच! ऐकू नही उनं का तुले? मी सगळास्ले सांगत व्हतू, गिरधरनी पोर मनावर माया करस, दर ऐतवारे येस. आनि तू... तू मजुरी करत व्हतीस मनाकडे!"

मग तो रडला. मीही रडले. मी त्याचा खून केला असता तरी त्याला एवढं लागलं नसतं, हे माझ्या लक्षात आलं आणि मला तोंड लपवायला जागा सुचेना. मी पोपडे गोळा करायला खाली वाकले.

"ऱ्हाऊ दे ते," तो म्हणाला. "घर जाय. सकाळी ये. काही आनू नको. भाकर नको, साबण नको. रिकामा हातनी येशी तर ये."

दुसऱ्या दिवशी शाळेत रजेचा कागद टाकला आणि निघाले. हातात काही नसलं की हातांचं काय करावं ते कळत नाही. कधी पदराआड घेतले, कधी मागे बांधले. वाटेत दोनदा दुकानापाशी थांबले, निदान चार केळी घ्यावीत म्हणून, आणि दोनदा पुढे गेले. शाळेतल्या पोरी हातात वही नसताना फळ्यापुढे उभ्या राहतात तशी मी त्याच्या दारात उभी राहिले. त्याने रिकामे हात पाहिले आणि हसला. खाटेवर आपल्या शेजारी जागा दाखवली.

मडकं कोरडं पडलं होतं, धोतर मळलं होतं, भिंतीवर दुधाचा डाग तसाच होता. मी सवयीने घागर उचलायला उठले.

"बस," तो म्हणाला.

मी बसले.